आरतीचं इन्सुलिन

ते साल दोन हजार पाच. भूकंपाला बारा वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या नि मेस उघडल्या होत्या. त्या साली शकिला सिस्टर नांदेडला चांदपाशांच्या दारात येऊन उभी राहिली. चांदपाशा पोलिसातून निवृत्त झालेले. आता खाजगी तपास करत.

"चाचा, माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार," ती म्हणाली. "मधुमेहाच्या नव्या इन्सुलिनची चाचणी चालू आहे, तिथं मी नर्स आहे. पेशंटचा फोन आला की धावायचं, हेच काम. आरती नावाची पोरगी साखर चढून वारली. रोज सुई घेत होती, तरी! डॉक्टर म्हणतात, मी खरं औषध विकून बाटलीत पाणी भरलं."

"भरलं का?" मदतनीस सुदर्शनने विचारलं.

"वा रे बहाद्दर! चोर कधी 'हाव, भरलं' म्हणतो व्हय?" चांदपाशा उठले. "चल, गाडी काढ."

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आरतीची बाटली पुढे केली. हे इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असायला हवं. पण काचेला आतून पांढरे कण चिकटले होते. खोका ओल लागून फुगला होता. त्याच खेपेतलं औषध घेणाऱ्या बाकी पेशंटना काही झालं नव्हतं.

आरती जेवायची त्या मेसमध्ये तिची मैत्रीण सिंधु भेटली. "खोलीत फ्रीज न्हाई, म्हणून बाटली मेसवाल्या अप्पांच्या फ्रीजात ऱ्हायची. संध्याकाळी हातात घेतली की बोटं बधिर व्हायची. उलट्या लागल्या तवा सिस्टरनं फोनवर लई सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ये. ही म्हणली, शिकवणीची टेस्ट देऊन जाते."

मेसवाले शिवलिंगअप्पा किल्लारीकडचे. भूकंपात त्यांची लेक गेली होती. आरतीला ते आग्रहाने वाढत. चांदपाशांनी त्यांच्याकडे प्यायला गार पाणी मागितलं.

"कोमट हाय बगा," फ्रीजमधली बाटली देताना अप्पा ओशाळले. "दुपारभर लाईटच नसती."

चांदपाशांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग डॉक्टरांना तिथंच बोलावून घेतलं.

"सिस्टरनं काही केलं नाही," सगळे जमल्यावर ते म्हणाले. "नुसतं पाणी भरलं असतं तर हे कण आले कुठून? आणि फ्रीजातलं पाणी कोमट, मग त्याच फ्रीजातली औषधाची बाटली बोटं बधिर करणारी कशी?"

सुदर्शन डोकं खाजवू लागला.

"वरचा बर्फाचा कप्पा, बाबा! लाईट गेली तरी तिथला बर्फ टिकतो. खोका भिजला तो तिथंच. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यात कण धरतात, त्याचा भरवसा जातो. सुई टोचली काय, न टोचली काय."

"आरतीला मी बजावलं होतं," शकिला हळूच म्हणाली. "गार ठेव, पण गोठू देऊ नको."

"लेकरू मला 'थंड ठेवा' एवढंच म्हणलं," अप्पा म्हणाले. "लाईट जायची म्हणून मीच वर सरकवून ठिवायलो. मंग... पोरगी माझ्या हातानं गेली म्हणा की."

शकिलाला नाही म्हणायचं होतं. तिने फ्रीज उघडून पाण्याची बाटली खालच्या कप्प्यात ठेवली.

चाचणी बंद पडली. रजिस्ट्रेशन वाचलं, पण औषध साठवण्यातली हलगर्जी अहवालात शकिलाच्याच नावावर लागली. लातुरात तिला कुणी कामावर घेतलं नाही. धर्माबादच्या एका छोट्या दवाखान्यात ती राहिली. सिंधु शिक्षण सोडून रेणापूरला परतली. डॉक्टर मोठ्या शहरात गेले. चांदपाशांनी पुढे एकही तपास घेतला नाही. सुदर्शन मोबाइल विकू लागला.

अप्पांनी मेस मोडली. शकिलाने मात्र पेशंटना दिलेला जुना फोन नंबर बदलला नव्हता. अप्पांकडे लाईट गेली की त्यावर त्यांचा फोन यायचा.

"सिस्टर, लाईट गेली."

"हो अप्पा. आरतीची बाटली खालच्या कप्प्यातच राहू द्या."

"हाव."

एका उन्हाळ्यात लाईट रोज जात राहिली, आणि फोन यायचा थांबला.