खराट्याची काडी

"खराटा झाडायले असते का या बाईच्या दुकानदारीले? रोज दोन काड्या, रोज दोन काड्या. दिवाळीपावतर नुसती सुतळी राहीन हातात."

विठ्ठलराव माझ्या पाठीमागंच पुटपुटत होते. मला ऐकू जावं, पण उत्तर देता येऊ नये, इतपत हळू. ते आमच्या कॉलेजचे शिपाई. आणि त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. खराट्याच्या काड्या मी चोरत असे.

बासष्ट सालची गोष्ट. यवतमाळच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी स्लाइडी बनवायचं काम करत होते. शिक्षण मराठी सातवी. बाकीचं आमचे प्राध्यापक मधुसूदन सर यांच्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले. सुरुवातीला एका पानाला एक आठवडा लागायचा. आठ वर्षांत पुस्तक संपलं, आणि पदवीधर मुलं माझ्या स्लाइडी पाहून परीक्षा पास होऊ लागली. पगार मात्र शिपायाचाच होता. म्हणूनच विठ्ठलराव मला आपल्यातली समजून हक्कानं बोलत.

तर काडी. ताजा स्नायू औषधात टाकला की आखडतो. तसं होऊ नये म्हणून आधी तो काडीवर लांब ठेवायचा, दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायची आणि मग फॉर्मलिनमध्ये सोडायचा. मग तो मरतो तो ताणलेलाच. त्याचा पातळ काप काढून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू दिसतो आणि त्यावर आडवे पट्टे: एक गडद, एक फिका, पुन्हा गडद, लुगड्याच्या काठासारखे. आखडलेल्या स्नायूत फिके पट्टे चिंचोळे होतात आणि गडद पट्टे एकमेकांना येऊन भिडतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजायला पुस्तक लागत नाही.

भोगीच्या दिवशी गावातल्या एका डॉक्टरांचा कंपाउंडर ओल्या फडक्यात काहीतरी घेऊन आला. हे डॉक्टर आमच्या सरांचे मित्र. कापसाच्या जिनिंगमध्ये एका माणसाचा हात यंत्रात सापडला होता, तो कोपराच्या वर कापावा लागला. सर बरेच दिवस माणसाचा स्नायू मागत होते. तेव्हा असं चालायचं. ज्याचा हात त्याला विचारायची पद्धत नव्हती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "कोपराखालचा. बोटं मिटवणारा. मज्जातंतूसकट."

फडकं उघडलं. तुकडा कोमट होता. आणि थरथरत होता, जेमतेम, माशी बसल्यावर गाईची कातडी हलते तेवढाच.

मी काडी शोधली. विठ्ठलरावांनी खराटा कुलपात घातला होता आणि किल्ली घेऊन ते तिळगूळ आणायला गेले होते. थांबले असते तर तुकडा खराब झाला असता. एकदा न बांधल्यानं काय होतंय, असं म्हणून मी तो तसाच बाटलीत सोडला.

तो आखडला. बोटभर लांबीचा होता, सुपारीएवढा झाला. मूठ वळावी तसा.

तो उभा चिरून अर्ध्याच्या मी स्लाइडी केल्या, अर्धा बाटलीत ठेवला. एक स्लाइड चांगली निघाली. तिच्यात मज्जातंतू फुटत फुटत येऊन तंतूवर टेकलेला दिसायचा, कोंबडीचा पाय ओल्या मातीत उमटावा तसा. इथून निरोप येतो आणि स्नायू हलतो, असं सर मुलांना सांगत.

फेब्रुवारीत कॉलेजात घंटेवर नवा माणूस आला. देवसिंग नाव, ढाणकीकडच्या तांड्यावरचा. उजवी बाही कोपराच्या वर गाठ मारलेली. डॉक्टरांनीच सरांना शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं. त्याला पाहिल्याबरोबर मला कळलं. सरांना माहीतच होतं. विठ्ठलरावांनाही कळलं असावं, कारण त्या दिवसापासून ते स्लाइडींच्या कपाटावरची धूळ पुसेनासे झाले.

देवसिंगला कुणीच काही सांगितलं नाही.

तो डाव्या हातानं घंटा वाजवायचा आणि दोन तासांच्या मधे आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचा. दुपारी त्याची बायको मोतीबाई भाकरी घेऊन यायची. मी त्याला चहा देत असे. मनात असलेलं बोलायचं नसलं की माणूस चहा देतो.

"दुखतं का रे अजून?" मी एकदा विचारलं.

"दंड नाही दुखत, बाई. मूठ दुखते."

"कुठली?"

"जे नाही, तेच." तो हसला. "मूठ आवळली हाय. नखं रुतून राह्यले तळव्यात. उघडतच नाही. झोप नाही लागत."

मोतीबाई भाकरीचं फडकं घडी करत होती. "हात आमी मागून आणलता," ती म्हणाली. "तांड्यामागं पुरला. म्या सोता बोटं सरळ केलती त्याचे. एकेक. चांगले सरळ होते. मंग हे मूठ कोणाची हाय?"

मी कपबशा विसळायला आत गेले.

सरांना मी विचारलं. सर म्हणाले, "तार मधे तुटली तरी इकडचं पोस्ट ऑफिस चालूच असतं, कुंदाबाई. तुटलेल्या टोकाकडून काहीबाही येतं, मेंदूला वाटतं हाताकडूनच आलं. मज्जातंतूचा स्वभावच आहे तो."

"मग मूठ मिटलेलीच का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "शेवटचा निरोप तसा गेला असेल."

होळीच्या आधी मी ती स्लाइड पुन्हा लावली. आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात एक बारीक मोजपट्टी कोरलेली होती. जानेवारीत त्या पट्टीच्या दहा घरांत अठरा गडद पट्टे बसत होते. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे. आता बावीस निघाले. फिके पट्टे दोऱ्याएवढे राहिले होते.

स्लाइडीवरचा काप मेलेला असतो. तो वाळवून, रंगवून, काचेखाली डिंकासारख्या बाल्समनं कायमचा चिकटवलेला असतो. तो हलत नाही. मी बेडकाच्या स्नायूची जुनी स्लाइड लावली, तिच्यात होते तेवढेच पट्टे होते. चष्मा पुसला. पुन्हा मोजले. बावीस.

पाडव्यानंतर पंचवीस.

त्या दिवशी देवसिंग बाकावर बसून घामानं निथळत होता. "अजून आवळली," तो म्हणाला. "सोमवारी डॉक्टरकडं जातो. खांद्यापासून काढा म्हणतो. त्याच्यासंगं मूठही जाईन."

 मोतीबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कापायच्या आधी शेवटचा पाहून घ्यावा तसा.

मी स्लाइड पेटीत ठेवायला गेले, तेव्हा खाचेत एक चिठ्ठी दिसली. सरांचं अक्षर. तारखा, आणि त्यापुढे आकडे. अठरा. वीस. बावीस. पंचवीस.

सर त्यांच्या खोलीत होते. दार उघडं होतं. माझ्या हातातली चिठ्ठी त्यांनी पाहिली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी मी बाटली काढून टेबलावर ठेवली. खराटा आणायला वळले तर विठ्ठलराव समोर उभे. त्यांनी एक काडी माझ्यापुढे धरली.

"घ्या. सरळ पाहून आणली."



मी तुकडा बाहेर काढला. सुपारीसारखा टणक. एका टोकाला दोरा बांधला, काडीला गाठ मारली. दुसरं टोक चिमट्यात धरलं.

फॉर्मलिनमधलं मांस ताणलं जात नाही. चिरतं, तुटतं, ताणलं जात नाही. हे मी आठ वर्षं हेच काम केलेल्या हातानं सांगते आहे.

ते ताणलं गेलं.

हळू, झोपलेल्या पोराची मूठ सोडवावी तसं. आधी थोडा विरोध, मग नाही. बोटभर लांब झालं. मी दुसरं टोक बांधलं. पुन्हा आखडू नये म्हणून गाठ जरा जास्तच करकचून मारली.

बाहेर घंटा वाजवायचा हातोडा फरशीवर पडला.



मग देवसिंग रडताना ऐकू आला. पळत गेले तर तो गाठ मारलेली बाही पुढं करून उभा होता.

"उघडली," तो म्हणत होता. "बाई, उघडली. बोटं सरळ झाले."

सर दारात आले होते. "मज्जातंतू," ते म्हणाले. "शांत होतात कधी कधी."  विठ्ठलराव खाली वाकून हातोडा शोधत राहिले. तो त्यांच्या पायाशीच पडला होता.

काडी मी बाटलीत ठेवली, बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली कमरेला खोचली.

सोमवारी देवसिंग डॉक्टरांकडे गेला नाही. घंटा वेळेवर झाली. दुपारी मोतीबाई भाकरी घेऊन आली, पण बाकावर बसली नाही. प्रयोगशाळेच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. सर टेबलाशी होते, विठ्ठलराव खिडक्या पुसत होते, मी स्लाइडी लावत होते.

"झोपला का गं रात्री?" मी विचारलं.

"झोपला. दोन रात्री चांगला झोपला."

तिनं खोलीभर नजर फिरवली. बरण्या, साप, बेडूक, सांगाडा. मग बंद कपाटाकडे पाहिलं, आणि तिथंच पाहत राहिली.

"बाई, त्याचा हात तुमच्यापाशी हाय," ती म्हणाली.

विठ्ठलरावांचं फडकं काचेवर थांबलं. 

"असू द्या. मी न्यायले नाही आली." तिनं पदर सावरला. "फकत दोरा थोडा सैल करा. दोन्हीकडून काचून राह्यला त्याले."