गोरक्षचा गृहपाठ

तेजस्विनीच्या डोक्याला ताप सुरू झाला तो एका बॅटरीमुळे.

रविवार कारंजावर, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. त्या दुपारी बाहेर श्रावणाची भुरभुर, लाईट गेलेली, आणि इन्व्हर्टरनेही मान टाकलेली. सिन्नरच्या दुकानातून नवी बॅटरी घेऊन एक उंच, भिजलेला तरुण आला आणि कोपऱ्यात उकिडवा बसून वायरी जोडू लागला. तिने शिकवणं थांबवलं नाही.

"चहा 'स्ट्रॉंग' असतो, 'पॉवरफुल' नसतो," ती सांगत होती. "इंग्रजीत शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात."

"का बरं, मॅडम?" कोपऱ्यातून आवाज आला. "बॅटरी पॉवरफुल चालती, मग चहानं काय घोडं मारलंय?"

वर्ग खो खो हसला. तेजस्विनीने कपाळावर हात मारला. "का म्हणजे... नाहीच म्हणत तसं! जोडी जमली की जमली."

"अस्सं..." तो म्हणाला आणि वायरीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला. मग एकदम हात झटकून ओरडला. शॉक बसला होता.

पुढच्या सोमवारी तो पहिल्या बाकावर हजर. नाव गोरक्ष. बॅटरी कंपनीचे साहेब दुकानात येऊन इंग्रजीत बोलतात आणि आपण नुसतं 'येस सर' करतो, हे कारण त्याने सांगितलं. तिने ते खरं मानलं.

तिच्या क्लासचा नियम साधा. पाठांतर नको, वापर हवा. रोज एक जोडी द्यायची आणि प्रत्येकाने तिचं वाक्य करून संध्याकाळी व्हॉइस मेसेज पाठवायचा. बाकीचे म्हशीवर, बॉसवर, सासूवर वाक्यं करत. गोरक्ष मात्र...

'मेक अ मिस्टेक' दिलं, तर म्हणे, "आय मेड अ मिस्टेक. आय लुक्ड अ‍ॅट टीचर, नॉट अ‍ॅट वायर."

तिने कळवलं, 'द टीचर' म्हणा.

'पे अटेन्शन'वर आलं, "द टीचर पेज अटेन्शन टू एव्हरीबडी. नॉट टू मी."

तिने कळवलं, वाक्य बरोबर.

'लूज स्लीप' म्हणजे झोप उडणं. त्या मेसेजमध्ये मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्याचा आवाज जरा हळवा होता. तिने तो पुन्हा पुन्हा ऐकला. तपासण्यासाठीच, दुसरं काय! मग कळवलं, चहा कमी प्या.

पण हा नुसता गृहपाठ होता की आणखी काही? वर्गात तर हा माणूस चेहरा असा ठेवायचा की जसं काही घडलंच नाही.

"गोरक्ष, ही वाक्यं सुचतात कुठून तुम्हाला?" एकदा तिने विचारलंच.

"तुम्हीच म्हणता ना मॅडम, आपल्या जगण्यातलं बोला."

असा राग आला तिला! त्याचा आणि स्वतःचाही. सरळ विचारायचं सोडून आपणही चुकाच काढत बसतो, हे तिला कळत होतं.

त्यात आईने लकडा लावला. पुण्याचं स्थळ रविवारी बघायला येणार. "आज संध्याकाळी हो की नाही सांग. त्यांना कळवायचंय."

त्या दिवशी 'मेक अ डिसिजन' शिकवून झाल्यावर तिने मुद्दामच जाहीर केलं, "रविवारी जादा तास नाही. मला बघायला येताहेत."

गोरक्षचा चेहरा पडला. सगळे गेले. तोही गेला. तेजस्विनी हिरमुसून फळा पुसू लागली, तेवढ्यात फोन वाजला. व्हॉइस मेसेज.

"प्लीज मेक अ डिसिजन. आय वॉन्ट टू मॅरी द टीचर."

ती धावत बाहेर आली. तो जिन्यातच उभा होता, हातात फोन धरून.

"हे काय आहे?"

"गृहपाठ..."

"खड्ड्यात गेला तो गृहपाठ! मराठीत बोला. आत्ताच्या आत्ता!"

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा गोरक्ष जिन्याचा कठडा नखाने खरवडू लागला. खालच्या दुकानातून कापड टरकावल्याचा आवाज आला.

"मराठीत भीती वाटती, मॅडम," तो म्हणाला. "इंग्लिशमधी चुकलं तर तुम्ही सुधरून देता. मराठीत बोललो आन् तुम्ही नाय म्हणाल्या, तर?"

"बोला तरी!"

"मला तुम्ही लय आवडता. रविवारी त्या लोकांना येऊ देऊ नका."

तिचे डोळे भरून आले, पण राग काही जाईना. "इतके दिवस मी वाक्यं तपासतेय, बावळटासारखी! रोज वाटायचं, आज तरी हा माणूस सरळ बोलेल..." बोलता बोलताच तिने आईला फोन लावला. "आई, पुण्याच्यांना 'नाही' म्हणून कळव... हो, नक्की... रविवारी दुसरं कुणीतरी येतंय, आपल्या आईला घेऊन."

समोर गोरक्ष हातातल्या फोनवर स्वतःच्या आईचा नंबर शोधू लागला.

"कोण? करतो काय?" पलीकडून आईचा आवाज चढला. "शिकलेला तरी आहे का?"

"बॅटऱ्यांचं दुकान आहे सिन्नरला," तेजस्विनी त्याच्याकडे बघत म्हणाली. "इंग्रजी फार कच्चं आहे, आई. पण मला तोच हवाय."