न जुळणारं वर्तुळ

सात रस्ता चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात चैतालीनं कंपासपेटी मागितली, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "मुलगा कितवीला?"

"मीच दहावीला हाय की. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय."

वय सव्वीस, एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात चेकिंगला. दहावी झाली तरच सुपरवायझर. मागं उभा असलेला यशपाल एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचा. कुणी न विचारता त्यानं पेटीतला कंपास उचलला, रद्दी पेपरवर वर्तुळ मारलं. रेघ फिरून आली, पण सुरुवातीला भेटलीच नाही.

"स्क्रू ढिला आहे. दुसरा घ्या."

"तुमी हितं कामाला हाय का?"

"नाही..."

"मग शिकवायला तरी या. भूमितीच अडलीय माझी."

माणूस भिडस्त, हो म्हणाला.

दर रविवारी दहाला, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत. कंपास वरच्या टोकाला धरायचा, पायाला नाही – हे दाखवताना त्याचा हात तिच्या बोटांपर्यंत यायचा अन् चटकन मागं जायचा. तिसऱ्या रविवारी तिला सगळं जमलं. तिथंच चैतालीनं हिशेब मांडला: जमलं म्हणजे शिकवणी संपली! पुढच्या रविवारपासून त्याची पाठ फिरली, की ती स्क्रू हळूच सैल करायची. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जायचं ते वर्तुळ दोनच कोपरे गाठायचं, तिसरा चुकवायचं.

यशपालनं कंपास बदलून पाहिला. सहाव्या रविवारी त्यानं स्वतःलाच दोषी ठरवलं.

"माझं शिकवणंच कच्चं. पुढच्या वेळेपासून इथले शिवशरण गुरुजी घेतील."

"गुरुजी... कशाला?"

"परीक्षा महिन्यावर आली. माझ्यापायी नापास व्हाल तुम्ही."

तो खरंच उठला. चैतालीनं कंपास ओढला, स्क्रू घट्ट पिळला. त्रिकोण, दोन लंबदुभाजक, ते छेदले तिथं टोक – अन् वर्तुळ तिन्ही कोपऱ्यांना शिवून मिटलं.

"हे कधी जमलं?"

"तिसऱ्या रविवारी."

"मग नंतरचे तीन?"

"स्क्रू मीच ढिला करत होते." कान लाल, नजर कागदावर.

अभ्यासिका झाडणाऱ्या भीमाबाई थांबल्या. "अवं मास्तर, मला तवाच कळलं व्हतं. तुमी लई शिकलेलं, म्हणून वेळ लागला!"

यशपालनं वर्तुळ दोनदा तपासलं. चूक सापडेना.

"आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही," तो म्हणाला.

"मग शिकवू नका... नुसते या."

तो खुर्ची ओढून परत बसला.

"शनिवारी," तो म्हणाला, "मला हाफ डे असतो."