लोटूमामाचा दहावा

विचारलंस म्हणून सांगतो. दिवा इकडे सरकव आणि मध्ये बोलू नकोस.

लोटूमामाच्या दहाव्याला आम्ही तापीच्या राजघाटावर गेलो होतो. लोटूमामा म्हणजे माझ्या बायकोचा, धुरपदाचा मामा. तिची आई गेल्यावर त्यानं तिला फोपनार गावी वाढवलं. वाढवलं म्हणजे, काही चुकलं की केळी पिकवायच्या खोलीत कोंडून धूर सोडायचा. पोर सात वर्षांची. खोकून खोकून पडली की मग कडी निघायची.

माझा बाप विहिरीच्या ओल्या दोरानं मारायचा.

लग्नानंतर मी शनवारा भागातल्या आमच्या घरातल्या कड्या उपटल्या. तिनं घरात दोर येऊ दिला नाही. कपडे गजावर वाळतात. झोपेत मी ओरडलो की ती पाठीवर हात ठेवते. ती खोकत उठली की मी दार उघडून तिच्याजवळ बसतो. एवढंच आमचं औषध.

घाटावर सकाळचं ऊन होतं. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. पायऱ्यांवर कावळे पुष्कळ. एकही पुढे आला नाही. ओरडलाही नाही. पाण्याचा आवाज लांब गेल्यासारखा वाटला, आणि वारा नसताना धुराचा वास आला. गोड, कोंदट.

"कुणाचं काही राहिलं असेल तर बोलून टाका," भटजी म्हणाले.

मामाच्या मुलानं, दत्तात्रयनं, शेत सांभाळीन म्हटलं. म्हशी विकणार नाही म्हटलं. कावळे हलले नाहीत. ते पिंडाकडे बघतच नव्हते. धुरपदाकडे बघत होते. दत्तात्रयच्याही ते लक्षात आलं.

"ताई, एकदा बोलून दे ना. माफ केलं म्हण. बस."

"बाप तुझा. तू कर माफ."

"मेलेल्या माणसाशी कसली जिद्द? दाजी, तुम्ही तरी समजवा."

"मी कशाला? तिला वाटलं तर बोलेल. नाहीतर संध्याकाळपर्यंत उभे राहू."

धुरपदानं माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "तो मागं उभा आहे... छातीत धूर जातोय..."

मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. माझ्या पाठीला झळ लागली, भट्टीजवळ लागते तशी. हललो नाही.

ती बोलली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

दुसऱ्या सकाळी आमच्या उंबऱ्यावर भाताचा पिंड होता. तीळ लावलेला, ओला. त्यावर चार बोटांचे ठसे. अंगठ्याचा नव्हता. मामाचा अंगठा कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटला होता.

धुरपदानं ठसे मोजले. मग म्हणाली, "मागू दे माफी." केरसुणीनं तिनं तो गटारीत लोटला.

तेव्हापासून रोज येतो. रोज ती लोटते. पण ती आता खोकत नाही. रात्रभर झोपते. मला तेवढं पुरे होतं.

आज सकाळी दोन होते. दुसऱ्यावर पाचही बोटं, जाडजूड. माझा बाप जाऊन चाळीस वर्षं झाली.

धुरपदानं मामाचा लोटून केरसुणी माझ्या हातात दिली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. दिवसभर तिथंच होती. मी अजून लोटलेला नाही.

जाताना उंबऱ्यावर पाय जपून टाक. अजून गरम आहे.