रघुनाथ-स्वर

रविवारी सकाळी आई तूरडाळ निवडत बसली होती आणि मी बाबांच्या टेबलावर माझा संगणक मांडला. बाबांनी चंबळेकडच्या आमच्या शहरात, गोरखीच्या शाळेत, तीस वर्षं भूगोल शिकवला. मागच्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतात आणि पाटीवर लिहून बोलतात.

टाइप केलेलं मराठी वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्राम मला सापडला होता. करणाऱ्यानं तो केव्हाच सोडून दिलेला. मूळ कोड उतरवून आपल्याच मशीनवर बांधायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम तयार करायचा होता. बांधण्याआधी तो स्वतःला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, मशीनवर आहेत का ते तपासतो. एक नव्हती, ती टाकली. मग दुसरी नव्हती. मग तिसरी. तीन तास गेले.

"बस, एक और, बाबा," मी म्हटलं.

चौथ्यांदा पडद्यावर ओळ आली: ‘रघुनाथ-स्वर : नाही’.

बाबांचं नाव रघुनाथ. मी इंटरनेट धुंडाळलं. अशी लायब्ररी कुठेच नव्हती. सगळा कोड चाळला; त्यात हा शब्द एकदाही नव्हता.

बाबांनी ती ओळ वाचली. बराच वेळ वाचत राहिले. मग पाटीवर लिहिलं, ‘परत तपास.’

"काही बदललंच नाहीये, बाबा. तेच येणार."

त्यांनी त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

मी परत चालवलं. ‘रघुनाथ-स्वर : आहे’. जिथे सापडल्याचं लिहिलं होतं ते फोल्डर उघडलं. रिकामं होतं. प्रोग्राम मात्र एकही चूक न दाखवता बांधून झाला.

बाबांनी दोन बोटांनी टाइप केलं. स्पीकरनं आधी श्वास घेतला.

"दुर्गा, पाणी दे जरा."

शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, ‘र’वर किंचित रेंगाळणारा तोच आवाज.

"आणते हो," आई सवयीनं म्हणाली, उठली, आणि दारातच थांबली. "अहो," एवढंच म्हणाली.

मग बाबा थांबेनात. चंबळ, सिंध, कुंवारी, बेतवा. एकेक नदी त्यांनी उगमापासून सांगितली. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, देवळात नसतात तशा इथेही पायांत चपला असायला नकोत.

जेवणानंतर बाबा झोपले. स्पीकर गप्प झाला नव्हता. त्यातून संथ श्वास येत होता.

मी आवाजाचं बटण हळूहळू कमी केलं.

बाबांच्या छातीवरच्या चादरीचं हलणं कमी झालं.

मी बटण आणखी कमी केलं. चादर थांबली.

मी बटण पूर्ववत केलं. चादर पुन्हा वरखाली होऊ लागली.

त्याला आता पाच महिने झाले. आमच्याकडे मे महिन्यात वीज फार जाते. मी दोन इन्व्हर्टर बसवून घेतलेत.