साडेपाचचं जेवण

उदयसिंह खरं तर सायकल दुरुस्त करायला आला होता. प्रयोगशाळेतली, जागच्या जागी चालवायची सायकल. पण त्या सकाळी चाचणीला यायची मुलगी आलीच नाही, आणि चेन बसवून हात पुसणाऱ्या या गड्याकडे बघत त्रिशलानं विचारलं, "तुम्ही निरोगी आहात ना?"

"दिसत न्हाय व्हय?"

ती हसली. व्यायाम करताना निरोगी माणसांच्या रक्तातली साखर का वरखाली होते, कुणाच्या झोपेनं, कुणाच्या जेवणानं, यावर तिचा अभ्यास चालला होता.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"न्हाय की."

बोटाला सुई टोचली. एकशे बत्तीस! "उपाशीपोटी एवढी? खरं सांगा हं..."

"आईशप्पत! येताना गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारेचं दूध पिलो दोन ग्लास. तेवढंच."

"अहो, मग?"

"दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय, मॅडम?"

आता काय बोलणार, कप्पाळ! पुन्हा चार वेळा यावं लागेल, असं तिनं बजावलं. तो "येतो की" म्हणाला, तेव्हा उगीचच बरं वाटलं तिला.

दर सोमवारी तो येई. ती फॉर्म भरी.

"रात्री किती वाजता जेवलात?"

"धाला. आन् तुम्ही?"

"मला नाही विचारायचं."

"मग तुम्हास्नी कोण इचारतं?"

तिचं पेन थांबलं. इथं आल्यापासून दोन वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. "साडेपाचला," ती हळूच म्हणाली. "आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो. मैत्रिणी नऊला बसतात, मी... एकटीच." बेळगावला घरी आठ ताटं मांडली जायची. इथं राजारामपुरीतल्या खोलीत एकच ताट, आणि त्यानंतरची न संपणारी संध्याकाळ.

"साडेपाचला व्हय," म्हणत तो सायकलवर चढला.

मग शेवटचा सोमवार उजाडला. आज संपलं की त्याला यायचं काही कारणच उरणार नव्हतं. सायकल फिरत होती, ती सारखी घड्याळाकडे बघत होती. आकडा आला, नेहमीपेक्षा बराच खाली. आज फॉर्म त्यानंच भरला होता, तो तिनं पाहिला. जेवण: सायंकाळी साडेपाच.

"हे चुकलंय. तुम्ही दहाला जेवता."

"आठ दिस झालं, साडेपाचलाच जेवतोय."

"का पण?"

त्याचे पाय थांबले. "तुम्ही तिकडं एकट्या जेवत असाल, म्हणून. त्या वक्ताला आमच्या घरात कुणाला भूक नसती. मी बी एकटाच बसतो..." त्यानं मान खाली घातली. "लई वंगाळ वाटतं ओ."

तिचे डोळे भरून आले. "मधेच सवय बदललीत. माझा सगळा प्रयोग बिघडवलात तुम्ही!"

"मग परत यावं लागंल?"

"हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आजच. साडेपाचला, माझ्याकडे. उपाशीपोटी यायचं... आणि दूधसुद्धा प्यायचं नाही."