मोठ्या वळणावरची बातमी

त्या दिवशी ट्रॅफिकताई घरातून निघाली ती दोन कामं डोक्यात घेऊन. एक, रोजच्यासारखी सकाळच्या रेडिओवर रहदारी सांगायची. दुसरं, आईला फोन करून भांडायचं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं होतं.

ट्रॅफिकताई हे नाव श्रोत्यांनी ठेवलेलं. कुठे कोंडी आहे, कुठला पूल बंद आहे, कुठे कोण कोणावर आदळलं, हे ती अशा हसऱ्या आवाजात सांगायची, की कोंडीत अडकलेल्या माणसालाही वाटावं, चला, निदान कुणीतरी विचारपूस करतंय. आता तिला आठवा महिना होता. नवरा कामापायी सतत बाहेरगावी, आणि पहिलटकरणीला वाटतं तसं तिलाही वाटत होतं, की बाळ होताना आई जवळ असावी. दिवसभर ती मजेत असायची, पण संध्याकाळी घरी आल्यावर रिकाम्या घरात तिला रडू यायचं. एवढंच मागणं होतं तिचं. आई यावी.

आई राहायची हायवेच्या त्या टोकाच्या गावात. मध्ये फार तर अडीच तासांचा रस्ता. पण आई त्या रस्त्यावर पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि दोष सर्वस्वी लेकीचा होता.

कारण लेक दर दहा मिनिटांनी बातमी द्यायची. रेडिओचा रिवाजच तसा. एखादा अपघात झाला, की रस्ता मोकळा होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा सांगायचा. नवीन काही नसेल तर जुनंच नव्या उत्साहाने सांगायचं. गावाकडे आई रेडिओ उशाशी घेऊन बसलेली असे. लेकीचा आवाज ऐकायचा म्हणून ती एकही बातमी चुकवत नसे, आणि प्रत्येक बातमीगणिक एक नवा अपघात धरून चाले.

"अगं, आज सकाळपासून त्या वळणावर सारखे आदळतायत," ती फोनवर म्हणायची.

"एकच अपघात आहे, आई."

"मग डझनभर वेळा कशाला सांगतेस? मी काय बहिरी आहे?"

त्याच सकाळी हजारो गाड्या धडधाकट आपापल्या घरी पोचल्या, ही बातमी कधीच होत नाही. सुखरूप पोचलेल्याला कोण विचारतो? आईच्या मनात तो हायवे म्हणजे मोडक्या गाड्यांची रांग झाला होता, आणि त्यातही मोठं वळण म्हणजे साक्षात यमाची चौकी.

मोठ्या वळणाची बातमी मात्र खरोखरच रोज यायची.

स्टुडिओ म्हणजे एक बिनखिडकीची खोली. भिंतींना जाड गादी, दार लावलं की बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. काचेपलीकडे खटकेकाका बसत. हे त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस खटक्यांच्या यंत्रापुढे त्यांचं आयुष्य गेलं होतं, इतकंच. आत फोनची घंटा वाजत नसे, नुसता लाल दिवा लुकलुकायचा. पहिली बातमी सुरू व्हायच्या जरा आधी तो दिवा लागे, आणि एक शांत, थोडा घोगरा आवाज येई.

"ताई, वळणावरून बोलतोय. पांढरा टेम्पो उलटलाय. सगळ्यांना सांगा, हळू या."

तिने त्याचं नाव वळणवाले ठेवलं होतं. बाकी कुणाचाही फोन आला की आधी महामार्ग पोलिसांना विचारायचं आणि मगच बातमी द्यायची, असा नियम होता. वळणवाल्यांना तो लागू नव्हता. ते तिच्या आधीच्या बाईंच्या वेळेपासूनचे. खुर्ची आणि हेडफोनसारखे तेही तिला वारशात मिळालेले. इतक्या जुन्या माणसाला खरं की खोटं कोण विचारतं? गाडी कुठली ते ती बातमीत कधी सांगतही नसे. मोठ्या वळणावर अपघात, वाहनं सावकाश चालवा, की झालं. त्यांचा फोन चालू असताना खोलीत ओल्या रस्त्याचा आणि जळक्या रबराचा वास येई. ती खटकेकाकांना म्हणायची, तुमच्या वायरी तपासा. ते म्हणायचे, आधी तुझं नाक तपास, या दिवसांत वास जास्त येतात.

तर त्या दिवशी भांडण झालं आणि नेहमीसारखी आई जिंकली. मग ट्रॅफिकताईने ठरवलं, आता पुरावाच आणायचा. तिने महामार्ग पोलिसांच्या नियंत्रण कक्षात फोन लावला आणि मोठ्या वळणावर नेमके किती अपघात होतात ते विचारलं. पलीकडचा हवालदार मनापासून हसला. म्हणाला, त्या वळणावर? ताई, आमची क्रेन तिथे गंज खातेय. कित्येक वर्षांत तिथे साधा आरसासुद्धा फुटलेला नाही.

"मग रोजची बातमी?"

"ती आम्ही तुमच्याकडूनच ऐकतो. आम्हाला वाटलं, लोकांनी जपून जावं म्हणून तुम्ही मुद्दाम देता."

तिने पांढऱ्या टेम्पोचं विचारलं. हवालदाराने जरा आठवून पाहिलं. एक होता म्हणाला, फार जुनी गोष्ट. त्या वळणावरचा शेवटचा अपघात तोच. ड्रायव्हर जागीच गेला होता.

आता शहाण्या माणसाने इथे थोडं थांबून विचार केला असता. पण ट्रॅफिकताईला राग आला होता, आणि रागात तिला एकच दिसलं: कुणीतरी रिकामटेकडा माणूस जुना टेम्पो रोज नव्याने उलटा पाडतोय, आणि त्याच्यापायी आपली आई घरी बसलीय. तिने तिथल्या तिथे आईला पुन्हा फोन केला. सगळं सांगितलं. आईने दोनदा शपथ घ्यायला लावली, आणि मग एकदम मऊ आवाजात म्हणाली, की तुझ्या दादाला गाडी काढायला सांगते, उद्या सकाळीच निघतो. माळ्यावरचा लाकडी पाळणाही आणते. तू त्यातच झोपायचीस.

ट्रॅफिकताई त्या दिवशी इतकी खूश होती, की तिने खटकेकाकांना स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाहेर दाट धुकं होतं. वेळेवर दिवा लुकलुकला.

"ताई, वळणावरून बोलतोय. पांढरा टेम्पो..."

"काका, आज ही बातमी जाणार नाही," ती म्हणाली. "मी चौकशी केलीय. तिथे काही होत नाही."

पलीकडे वाऱ्यासारखं काहीतरी वाजत राहिलं.

"रोज सांगता, म्हणून होत नाही," आवाज म्हणाला. "आज जोरात येतील, ताई..."

फोन बंद झाला. तिने खांदे उडवले, माइक पुढे ओढला आणि सांगून टाकलं: मोठ्या वळणावर रस्ता अगदी मोकळा. पुढच्या बातमीत तेच, त्याच्या पुढच्या बातमीतही तेच. श्रोत्यांचे आभाराचे निरोप यायला लागले. ताई, आज पहिल्यांदा ऑफिसात वेळेवर पोचलो. ताई, आज वळणावर कुणी ब्रेकच लावत नाहीये, मजा आली. खटकेकाका ते एकेक वाचून दाखवत होते, आणि ऐकता ऐकता तिचं हसू कुठेतरी अडकलं. रोज सांगता, म्हणून होत नाही.

दिवा पुन्हा लागला. या वेळी वास आधी आला, इतका उग्र की तिने नाकाला पदर लावला.

"ताई... निळी गाडी."

दादाची गाडी निळी होती.

"मागच्या सीटवर एक बाई. टपावर लाकडी पाळणा होता. तो लांब जाऊन पडलाय, ताई. उलटा."

तिने दादाचा मोबाइल लावला. दादा शहाणा, गाडी चालवताना फोन उचलत नाही. आईचा फोन पर्समध्ये, पर्स बहुतेक पिशवीत, पिशवी डिकीत. पण आई गाडीत बसली की पहिलं काम काय करते, ते तिला ठाऊक होतं: रेडिओ लावते. रेडिओवर तेव्हा गाणं चालू होतं. तिने काचेवर हात आपटला, खटकेकाकांनी गाणं मध्येच तोडलं, आणि माइक ओढून ती बोलायला लागली. आवाजात हसू कुठलं उरायला.

"मोठ्या वळणावर अपघात झाला आहे. निळी गाडी आहे, टपावर पाळणा आहे. सगळ्यांनी वेग कमी करा. आत्ता करा. दादा, हळू घे. आई, त्याला सांग ना..."

गाणं लावायचं खटकेकाकांनाही सुचलं नाही. तिला स्वतःच्या छातीचे ठोके हेडफोनमध्ये ऐकू येत होते, आणि पोटात बाळ गप्प होतं.

फोन आला तो दादाचा. तो आधी ओरडला आणि मग रडला. वळणाच्या पलीकडे, धुक्यात, एका ट्रकमधले लोखंडी पाइप रस्ताभर सांडलेले. मागचेपुढचे सगळे सुसाट होते, तोही होता. रेडिओवर पाळण्याचं ऐकलं आणि आईने मागून त्याची कॉलरच धरली. त्याने ब्रेक दाबला, रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्यांनी दाबला, आणि ती सगळी रांग पाइपांच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. कुणाला ओरखडासुद्धा नाही.

दुपारपर्यंत आई घरात होती. पाळणा खोलीत होता. आईने घराचा पसारा पाहून लेकीला दोन शब्द सुनावले, मग जवळ घेतलं, आणि दोघी बराच वेळ रडून हलक्या झाल्या. दादा म्हणाला, आता तरी कुणीतरी जेवायला घाला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

दुसऱ्या सकाळी दिवा लागला तेव्हा ट्रॅफिकताईने आधी दोन्ही हात जोडले आणि मगच फोन कानाला लावला. माफी मागितली. इथून पुढे एकही दिवस चुकणार नाही, असा शब्द दिला.

"बरं," आवाज म्हणाला. "मग सांगा, ताई. निळी गाडी. टपावर पाळणा."

"काका, ती तर पोचली. तुमचा... पांढरा टेम्पो ना?"

बराच वेळ वारा वाजला.

"टेम्पो उचलला, ताई. त्याची जागा रिकामी होती, तिथे आता निळी गाडी आहे."

तिने बातमी दिली. त्या दिवशी दिली, पुढेही रोज दिली. आता ती रजेवर आहे, बाळ पाळण्यात आहे, आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला तिने एकच गोष्ट बजावून सांगितलीय: बाकी काहीही विसर, वळणाची बातमी विसरू नकोस, आणि गाडी कुठली तेही सांग. मुलगी गुणी आहे, न चुकता सांगते. वळणावर गाड्या हळू जातात. हवालदार म्हणतो, क्रेन गंज खातेय.

आईने तर परत जायचं नावच काढलेलं नाही. असल्या रस्त्यावरून कोण जाईल, म्हणते. सकाळी रेडिओ लावते, पायाने पाळण्याला झोका देत चहा गाळते, आणि निळ्या गाडीची बातमी लागली की तिला हसू आवरत नाही.

"घे. रोज रेडिओवर मरते मी, आणि रोज तुझा स्वयंपाक करते. मग ही इथे बसलीय ती कोण गं?"

लेकही हसते. हसायलाच हवं, घरात लहान बाळ आहे. फक्त चहाचा कप घेताना ती आईची बोटं हळूच चाचपून बघते. ऊबदार असतात. बहुतेक दिवस असतात.